सत्तावन्न

पुणे, रविवार, दुपारचे तीन

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले. मधे दोन फोन केले ते तू उचलले नाहीस असं मी सगळ्यांना सांगतो, पण खरं म्हणजे तू नर्सरीत पाणी सोडतोस ती वेळ साधूनच केले होते. तब्येत ठीक. गुडघा तसाच. आईचं बीपी गोळीने ताब्यात. हे व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून टपालाने.

शुक्रवारी निकाल लागला. जर्मनच्या ए-वनचा. पास व्हायला शंभरात साठ लागतात. मला सत्तावन्न. आठवीतल्या त्या इतिहासाच्या चाचणीनंतर पहिल्यांदाच नापास झालो. तेव्हा निदान शेजारी तू होतास, माझ्याहून चार मार्कांनी खाली.

हसू नकोस. ए-वन म्हणजे बालवाडीच, पण जर्मन बाईशी लग्न करून तिच्याकडे राहायला जायचं तर व्हिसाच्या अर्जाला हे सर्टिफिकेट जोडावं लागतं. नवरा-बायकोसाठी हा नियम त्यांनी २००७ साली आणला. (वर्ष लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) बाकी व्हिसाला फी नाही. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला फुकट. हे कळल्यावर आमच्या जोशीकाकांनी, ज्यांनी लग्नानंतर दोन महिने माझ्याशी अबोला धरला होता, जिन्यात थांबवून विचारलं, "फुकट? मग जायला काय हरकत आहे?"

आणि या सगळ्याचा मूळ गुन्हेगार तू. आठवीत मी जर्मन घेणार होतो, फॉर्मही भरला होता. "संस्कृत घे, स्कोअरिंग आहे" हे कोण म्हणालं? देव शब्द अजून चालवून दाखवतो तुला, आठही विभक्त्या. बारा वर्षांच्या पोरांनी पाठ करायचे ते डेर-डी-डास मी एक्केचाळिसाव्या वर्षी घोकतोय. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. एका ताटाभोवती तीन लिंगं!

तुझी तक्रारही मला ठाऊक आहे. लग्नाला साक्षीदार म्हणून तुला बोलावलं नाही. अरे, विशेष विवाह कायद्याच्या लग्नाला साक्षीदार तीन लागतात, आणि नोटीस लागून तीस दिवस झाले तरी हिचे तिकडचे कागद अडकलेले. लग्नाला कायदेशीर अडथळा नाही असा दाखला तिच्या गावाहून यायचा होता, तो सहाच महिने चालतो. कागद आला मंगळवारी, बुधवारी साहेब रजेवर, गुरुवारी सह्या. साताऱ्याहून तुला निघायला सांगायचं ते तुझ्या ऐन रोपांच्या हंगामात. तरी कळवायला हवं होतं. इथे माझं चुकलं, आणि हे मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही.

मुद्द्यावर येतो. मुद्द्यावर यायचं नाहीये, म्हणून तर इतकं लांबवलं.

अभ्यास माझा, पण तो घेतला आईने. शब्दांचे पत्ते तिनेच केले, जुन्या लग्नपत्रिका कापून, मागच्या कोऱ्या बाजूवर. संध्याकाळी कुकर लावला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "खुर्ची?" मी म्हणायचो डी. "चूक. डेर." खुर्ची पुल्लिंगी कशी, यावर ती दोन दिवस नाराज होती. मुलगी म्हणजे मेडशेन, ते नपुंसकलिंगी, हे मात्र तिला लगेच पटलं. "आपलं नाही का, ते पोर." आणि आकडे आले त्या दिवशी तर विचारू नकोस. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' केलं, तेव्हा तिने वर्तमानपत्रांना किती पत्रं लिहिली होती आठवतंय ना? तीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती. जर्मनमध्येही एकवीस म्हणजे 'एक आणि वीस' असंच म्हणतात, आपल्यासारखं एकं आधी. पुस्तक छातीशी धरून म्हणाली, "बघ! ते मर्सिडीज बनवतात, त्यांचं काही अडलं का?"

जी बाई माझ्या जाण्याने घरात एकटी पडणार आहे, तीच मला जायला शिकवत होती. मी पास व्हावं म्हणून. तिच्या तोंडून 'जाऊ नकोस' एकदाही आलेलं नाही. आलं असतं तर भांडलो असतो, आणि भांडणाचं मला जमतं, तुला माहीत आहे.

परीक्षेला बोट क्लब रोडला गेलो. तोंडी परीक्षेच्या टेबलाशी आम्ही चौघं. बाकीच्या तिघी पंचविशीच्या आतल्या. एक म्हणाली, "काका, तुम्ही मुलाकडे चाललात का?" म्हटलं, "नाही गं, सासरी." जर्मनीचा घरजावई! तुझ्यासाठी हा विनोद जपून ठेवला होता, तिथेच वाया गेला. मग परीक्षिकेने आडनावाचं स्पेलिंग विचारलं. का-एस-हा-ई-एर-एस-आ-गे-आ-एर. क्षीरसागर एका दमात पार केला. (जन्मदाखल्यावर तो डबल ई आहे आणि पासपोर्टावर आय. आपल्याकडचा अपॉस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, जर्मनी मानत नाही, दाखले त्यांची वकिलात स्वतःची माणसं लावून तपासून घेते. त्या दोन ई आता माझ्या झोपेत येतात.) लेखीत तीस शब्दांचं पत्र होतं. मित्राला. तेही बरं गेलं.

मार्क गेले ऐकण्यात. पंधरा प्रश्न असतात. बाकी सगळं दोनदा ऐकवतात, पण मधल्या भागातल्या जाहीर सूचना एकदाच. त्यात एक स्टेशनवरची होती, कुठल्याशा गाडीचा फलाट बदलल्याची. मला ती कळली, बाळ्या. शब्द न् शब्द कळला. बरोबर की चूक एवढीच खूण करायची होती. पेन्सिल उचलली आणि चूकवर खूण केली. मग पुढच्याला विचारच केला नाही, तीच खूण ओढली.

घाबरलो असेन. घाई झाली असेल. शनिवारपासून हेच घोळतंय, की हात चुकला की मी चुकवलं. कारण स्क्रीनवर सत्तावन्न दिसले ना, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं सांगू? पोटातलं काहीतरी सैल झालं. मी चक्क खाली जाऊन अर्धा किलो पेढे आणले. आईला म्हटलं, असेच आणले.

आईने निकालाचा कागद हातात घेतला, चष्मा लावला. ऐकण्याला पंचवीस मार्क, प्रश्न पंधरा. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने भागाकार केला. एक पूर्णांक सहासष्ट. म्हणाली, "दोन प्रश्नांनी गेलास." मग वर न बघता, "कुठले दोन?"

म्हटलं, काय माहीत.

ही फोनवर वेगळंच म्हणाली. आधी "तीनच मार्क, पुन्हा दे, कितीही वेळा देता येते" वगैरे. मग थांबली. "पण ऐकण्यात कमी कसे? मी माझ्या आईशी फोनवर भांडते तेव्हा तुला सगळं कळतं." खरं आहे. कळतं. तीन वर्षं पुण्यात राहिली, त्यातली दोन त्या भांडणांच्या शेजारीच काढली मी. इथल्या नोकरीचा करार संपला म्हणून तिला परत जावं लागलं, नाहीतर ती इथे खूश होती. तुळशीबागेत माझ्यापेक्षा बरी घासाघीस करते.

आणि आता डोक्यात नवीन किडा. लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं पूर्ण झाली की ओसीआय कार्डासाठी तिलाच अर्ज करता येतो. इथे राहता येईल, नोकरीही करता येईल. म्हणजे मी अजून एक-दोनदा सत्तावन्नवर अडकलो की वेळ आपोआप निघून जाईल, कोणाला 'नाही' म्हणावं लागणार नाही. किती सोयीचं! तिने तिकडे शाळेत नोकरी धरली आहे, घर घेतलंय, माझ्या पुस्तकांसाठी भिंत मोकळी ठेवली आहे, तिचा फोटो पाठवला. नुसती पांढरी भिंत. तो फोटो मी आईला दाखवलेला नाही.

हे तुलाच का लिहितोय, तर २००७. झेलम. दिल्लीचा तो इंटरव्ह्यू, तुझ्या खिशात माझ्याकडून घेतलेले दीड हजार (परत दिलेस, हो, चौदाशे), आणि स्टेशनबाहेर आपण चहा पीत बसलेलो. पुण्यातूनच सुटणारी गाडी, तीही आपल्यासमोर, आणि तू म्हणालास अजून एक कटिंग सांग. मी सांगितला. तुझे अण्णा तेव्हा अंथरुणावर होते. गाडी गेल्यावर तू कपाळावर हात मारून घेतलास, मीही मारला, आणि घरी सगळ्यांना आपण ट्रॅफिकचं कारण दिलं. सतरा वर्षांत मी तुला त्याबद्दल एक शब्द विचारलेला नाही. तू एकदा दारू पिऊन मला शिव्या घातल्यास की दुसरा कटिंग मीच मागवला. तेव्हाही मी गप्प बसलो.

आता विचारतो. चुकली की चुकवलीस? आणि नंतर कधी हे घरच्यांना सांगितलंस का? अण्णांना कळलं होतं का? मला वाटतं त्यांना कळलं होतं. म्हणूनच ते शेवटपर्यंत तुझ्याशी इतकं हळू बोलायचे.

बाकी तुझं काय? वहिनींची बदली रद्द झाली का? चिन्याची दहावी आहे ना यंदा, त्याला सांग, संस्कृत स्कोअरिंग वगैरे काही नसतं. हापूसची कलमं जगली का त्या पावसात? फोटोतली शेडनेट भारी दिसते.

पुढच्या परीक्षेच्या तारखेला आईने कालनिर्णयवर लाल गोल केला आहे. गोलाखाली जागा कमी होती, तरी बारीक अक्षरात लिहिलंय, 'ऐकणे'. आज सकाळपासून ती पत्ते घेऊन बसलेली नाही. रेडिओ लावून बसली आहे, आवाज मोठा करून, आणि मधूनच मला हाक मारून विचारते, "आत्ता काय म्हणाले, सांग."

लवकर लिही. पत्ता अजून हाच आहे.

तुझा,
नंद्या