सी हॉकच्या रंगासाठी, पेंटरभाऊंना

पेंटरभाऊ, सप्रेम नमस्कार.

पत्र पाठवलं तर मी बाबांना वाचून दाखवीन, असं तुमची मुलगी म्हणाली, म्हणून लिहितेय. इतर लोकही हे वाचणार आहेत. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी इथे पुन्हा येतील, तेवढ्या चालवून घ्या.

मागच्या रविवारी माझं सी हॉक विमानाचं छोटं प्लास्टिकचं मॉडेल पूर्ण झालं. इथे नागपुरातच, नंदनवनला मामांच्या घरी नेऊन दिलं. तुम्ही विचारलं होतं, "एवढ्याशा विमानासाठी एवढा जीव काऊन काढता, ताई?" त्या दिवशी शेडमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या, तुमचा हात चालू होता, आणि मी नुसतं "मामांसाठी" म्हणून वेळ मारून नेली. पूर्ण उत्तर द्यायचं राहिलं.

मामा नौदलात विमानांचे मेकॅनिक होते. विक्रांत ह्या विमानवाहू जहाजावर, सी हॉक लढाऊ विमानांच्या ३०० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे तुकडीत. पांढरा वाघ हे त्या स्क्वाड्रनचं चिन्ह. बांगलादेश युद्धात, ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरून उडालेल्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगावच्या विमानतळांवर हल्ले केले, तेव्हा मामा एकवीस वर्षांचे होते. जहाजाच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. त्यामुळे विक्रांत पूर्ण वेगाने पळू शकत नव्हती. विमानाला डेकवरून उडायला जहाजाचा वेग आणि समोरचा वारा दोन्ही लागतात, अन् विमान फेकणाऱ्या कॅटापुल्टला वाफही त्याच बॉयलरांची. आम्ही लहान असताना मामा जेवता जेवता हे सगळं ताटात मांडून दाखवायचे. पोळी म्हणजे डेक, आणि पोळीच्या कडेला ओळीने लावलेल्या संत्र्याच्या फोडी म्हणजे विमानं.

विक्रांत १९९७ च्या जानेवारीत निवृत्त झाली. पुढे बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये ती तोडायला घेतली. त्या बातमीनंतर मामा आठवडाभर फारसे बोलले नाहीत. तिचं लोखंड वापरून बनवलेली बजाज व्ही मोटरसायकल तुमच्या शेडमध्ये टाकीचा पोचा काढायला आली होती, हे तुम्ही सांगितलं. मामांना मी ते सांगितलं, तर त्यांनी मला दोनदा विचारलं, "खरंच त्यांनी हात लावला तिला?"

मागच्या वर्षी मामा म्हणाले, आता नजर कमी झाली, फोटोत काही दिसत नाही, सी हॉक हातात घेऊन पाहायचं आहे. म्हणून मी १/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याहून बहात्तर पट लहान, सुटे भाग जोडून करायचं किट मागवलं. खरं विमान बारा मीटर लांब, माझं सतरा सेंटीमीटरलाही थोडं कमी. एक वीतसुद्धा भरत नाही.

पहिलं किट वाया गेलं. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या थिनरमध्ये रंग पातळ करून मारला आणि डाव्या पंखाचं प्लास्टिक सुरकुतलं, मऊ पडलं. दुसरं किट आणलं ते भीतभीतच. मेमध्ये माझ्या ॲक्टिव्हाचं पॅनल घासलं म्हणून तुमच्याकडे आले, तेव्हा डिकीत चपलांच्या खोक्यात त्या दुसऱ्या विमानाचं धड होतं. तुम्ही डिकी उघडलीत, खोकं बाजूला ठेवलंत, मग परत उचलून झाकण काढलंत. धड ट्यूबलाइटखाली धरून तिरकं केलंत आणि म्हणालात, "जोड दिसून राहिला. इथे खड्डा आहे, इथे उंचवटा. अन् रंग तर संत्र्याच्या सालीवानी झाला."

महिनाभर मला जे दिसत नव्हतं ते तुम्हाला दहा सेकंदांत दिसलं. ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची रेघ पत्र्यावर सरळ पळाली तर पत्रा सरळ, वाकली तर पोचा आहे, हे तुम्ही तिथे उभ्या असलेल्या गाडीच्या दारावर दाखवलंत. मग तीच रेघ माझ्या विमानाच्या पाठीवर. आता माझ्या टेबलावर ट्यूबलाइट आहे. गोल बल्ब काढून टाकला.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या एका वाक्याचे. थिनरची हकिकत सांगितली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ह्या प्लास्टिकचं मला माहीत नाही. मी पत्र्याचा माणूस. आधी फेकायच्या तुकड्यावर मारून पाहा, रात्रभर ठेवा, मग विमानाला हात लावा." त्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांना सगळंच माहीत होतं. ज्या चौकटीतून सुटे भाग कापून काढायचे, ती चौकट मी फेकून द्यायची. आता तिचे तुकडे बरणीत साठवते आणि प्रत्येक प्रायमर, प्रत्येक थिनर आधी त्यांच्यावर. तुम्ही गाडीला वापरता ते एनसी थिनर ह्या प्लास्टिकला खातं, हे आपण दोघांनी त्या तुकड्यावर एकत्रच पाहिलं.

मग सालीचं कारण. मी दुपारी तीनला रंग मारत होते, नागपूरच्या मेमध्ये, पंचेचाळीस डिग्रीत, कूलरसमोर बसून. तुम्ही विचारलंत, "रंग मारून राहिल्या का हवेतच सुकवून राहिल्या?" एअरब्रशच्या, म्हणजे रंग फवारणाऱ्या माझ्या बारीक पिचकारीच्या, तोंडातून निघालेला थेंब विमानापर्यंत पोचायच्या आत अर्धा सुकत होता. पृष्ठभागावर पसरायची ताकदच त्याच्यात उरत नव्हती, तो खडबडीत दाणा होऊन चिकटायचा. वरून कूलरची ओली हवा आणि धूळ. गाडीची गन तुम्ही वीतभर लांब धरता, पण माझा ब्रश त्या मानाने सुईएवढा, तो चार बोटांवर आणायला सांगितलंत. पहाटे साडेपाचची वेळ दिलीत. आधी खोलीत साध्या पाण्याचा सडा टाकायचा, धूळ बसू द्यायची, कूलर बंद, पंखा बंद. हात आधी हलायला लागला पाहिजे, मग रंग सुरू. रंग आधी थांबला पाहिजे, मग हात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. रंगाशिवाय नुसती हवा सोडून तुम्ही माझ्याकडून हे वीस वेळा करून घेतलंत. गिऱ्हाईक बाहेर हॉर्न वाजवत होतं, तरी तुम्ही वळला नाहीत.

रंगाच्या जाडीचा हिशेब मात्र मी तुम्हाला सांगितला होता, आणि तो तुम्हाला आवडला, ह्याचा मला अजून आनंद आहे. विमानावर रंगाचा थर दहावा भाग मिलिमीटर झाला, तर बहात्तर पटीने खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरहून जाड होईल. तुम्ही शेडच्या भिंतीवर खडूने गुणाकार केलात आणि म्हणालात, "म्हणजे हे तर लांबी भरणं झालं!" तेव्हापासून तुम्ही मला एकच सांगत राहिलात: खालचं दिसेल इतका पातळ कोट, मग थांबा, मग पुढचा. पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषा बुजल्या नाहीत त्या ह्यामुळेच.

सी हॉकचं इंजिन पोटात असलं तरी जाळ शेपटातून निघत नाही. नळी आत दुभंगते आणि दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला, एकेक तोंड उघडतं. तिथेच पंख, धड आणि ही तोंडं एकत्र येतात, म्हणजे किटमधला सगळ्यात वाईट जोडही तिथेच. तुमचा काळ्या धुरळ्याचा उपाय नसता तर हा जोड मला जमला नसता. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा, मग ओला वॉटर पेपर, म्हणजे पाण्यासोबत घासायचा बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने. उंच जागेवरचं काळं निघून जातं, खड्ड्यात राहतं. जिथे काळं राहिलं तिथे पुटी. चार वेळा केलं. पाचव्या वेळी काळं कुठेच उरलं नाही.

नाकात घालायला वजन हवं होतं. ह्या विमानाला पुढे एक चाक, मागे दोन. नाक हलकं राहिलं तर ते शेपटावर बसतं. तुमच्याकडे शिकायला असलेल्या मुलाने शेजारच्या टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायच्या शिशाचे तुकडे आणून दिले. त्याला सांगा, विमान तीनही चाकांवर नीट उभं आहे.

रंग दोन: वरून गडद समुद्री करडा, खालून फिकट हिरवट झाक असलेला, ज्याला इंग्रज 'स्काय' म्हणायचे. दोन्हींच्या मधली रेघ तुमच्या टेपमुळे आली. टेप आधी हाताच्या पाठीवर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करायचा. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग मारायचा, म्हणजे जी काही फट असेल ती त्याच रंगाने भरते आणि वरचा रंग आत शिरत नाही. टेप काढताना उलटी दुमडून सावकाश ओढली. काठ कुठेही फाटला नाही.

जुनेपणा दाखवायची वेळ आली, तेव्हा मी सगळीकडे मळ आणि काजळी लावणार होते. मामांनी अडवलं. समुद्राचं मीठ पत्रा खातं, म्हणून विमान गोड्या पाण्याने धुणं हे त्यांचं रोजचं काम होतं, मळकं विमान त्यांना चाललंच नसतं. मग करायचं काय, हे तुम्ही दाखवलंत. शेडच्या मागे कडुनिंबाजवळ उभ्या असलेल्या जुन्या ॲम्बेसेडरकडे नेऊन म्हणालात, "पाहा, ऊन कुठे बसते." बोनेट आणि छप्पर पांढुरकं उडालेलं, दारं जवळजवळ जशीच्या तशी, दाराच्या आतली कड तर नवी कोरी. मी तेवढंच केलं. पंखांच्या वर आणि पाठीवर करड्यात थोडा पांढरा मिसळून अगदी पातळ थर दिले, पोट तसंच ठेवलं. गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात काढलेल्या फोटोंपेक्षा मला त्या ॲम्बेसेडरचा उपयोग जास्त झाला.

मामांनी विमान हातात घेतलं ते खिडकीजवळ जाऊन. आधी शेपटीखालचा, डेकवर उतरताना विमान अडवणारा हुक बोटाने चाचपला, मग पंखांच्या मुळाशी जाळाची दोन्ही तोंडं. पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जोड लागत नाही गं कुठे." त्यांना दिसतं कमी, हाताला कळतं. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी तुमच्या शेडचा पत्ता विचारून डायरीत लिहून घेतला आहे. पाऊस थांबला की ऑटोने येतील, त्या दिवशी त्यांना ती ॲम्बेसेडर दाखवा.

ॲक्टिव्हाच्या पॅनलचे पैसे तुम्ही घेतलेत, बाकी सगळ्या सकाळींचे घेतले नाहीत. त्याबद्दल मी पुन्हा वाद घालणार नाही. नव्या वॉटर पेपरचा गठ्ठा मुलाकडे दिलाय, तो परत पाठवू नका.

विक्रांतवर सी हॉकच्या जोडीला अलिझे असायची, पाणबुड्या शोधणारी, पुढे पंखा असलेली, पोटातून खाली सरकणारा रडारचा घुमट असलेली. तिचं किट कालच आलं. त्या घुमटाभोवतीचा जोड आत्ताच मला घाबरवतोय. प्रायमर मारला की घेऊन येते, सकाळी आठच्या आत.

तुमची,
मानेवाड्याची ॲक्टिव्हावाली ताई