वीस वर्षांनंतरची रपेट

माननीय संपादक, स. न. वि. वि.

वीस वर्षांच्या खंडानंतर नुकताच माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोड्यावर बसलो. ‘म्हातारा आहे, गरीब आहे’ असे सांगून दिलेला तो घोडा वयाने उतरला असला तरी चांगलाच पाणीदार होता. मोकळी लाल वाट दिसताच तो दौडू लागला आणि मी घाबरून लगाम ताणून धरल्यामुळे अधिकच उसळला. टाचा खाली दाबून, अंग सैल सोडून, लगाम थोडा आवळत नि ढिला करत राहिलो, तेव्हा कुठे तो चालीवर आला. (घोड्यावरची मांड, म्हणजे बैठक, विसरत नाही म्हणतात, मांड्या मात्र विसरतात!) मोटारींना बंदी असलेल्या या गावात घोडा हे नित्याचे वाहन आहे, तेव्हा निघण्यापूर्वी स्वाराचा अनुभव विचारणे, त्याला हेल्मेट देणे आणि खोगिराचा तंग (घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा) पुन्हा तपासणे याकडे संबंधितांनी काटेकोर लक्ष द्यावे.

— एक वाचक, ठाणे