वासोट्याला निघण्याआधी

सातारा

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

बामणोलीला तंबू ठोकून दुसऱ्या दिवशी वासोटा करायचा तुमचा बेत कळला. बरोबरच्यांपैकी निम्मे पहिल्यांदाच डोंगर चढणार आहेत, म्हणून हे लिहून पाठवते. फोनवर तू अर्धंच ऐकतेस.

वासोट्याचा दिवस परतीच्या बोटीवरून आखायचा. कोयना अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही, गडावरही नाही, आणि अंधाराआधी बोट बामणोलीला लागलीच पाहिजे. मग उलटं गणित मांड. गडाच्या पायथ्याच्या, पलीकडच्या काठावरच्या मेट इंदवलीहून बोट साडेतीनला सोडायची, उतरायला दोन तास, म्हणजे गडावरून दीडला निघायचं. दीड वाजता जो जिथे असेल तो तिथूनच मागे फिरेल, माथा समोर दिसत असला तरी. हे आदल्या रात्री सगळ्यांच्या तोंडून वदवून घे, कारण वर पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

सकाळी आठची बोट धरा. पाण्यातून तास-सव्वातास जातो. परवानगीचं काम बामणोलीत होतं, ओळखपत्रं सगळ्यांची हवीत. पलीकडे वनखात्याची माणसं पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि उतरल्यावर तेवढ्याच परत बघतात. बिस्किटांचे पुडे घरीच फोडून स्टीलच्या डब्यात भरलेस तर रांगेतला वेळ वाचेल.

धरण भरलेलं असताना शिवसागराची, म्हणजे कोयनेच्या जलाशयाची, पातळी 659 मीटरच्या आसपास असते आणि गडाचा माथा साधारण 1,170 वर, म्हणजे चढ पाचशे मीटरचा. आकडा मोठा नाही, फसवते ती वाटेची ठेवण. सुरुवातीला दाट झाडी, सावली, बेताचा चढ. इथेच पोरं पळतात आणि पुढे उभा चढ लागला की मांड्या भरून येतात. शेवटी झाडी विरळ होते आणि ऊन डोक्यावर येतं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला दुसऱ्या नंबरला ठेव, तू सर्वांत मागे राहा. चालताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे असं समजायचं. पन्नास मिनिटं चालून पाच मिनिटं थांबायचं. त्याहून जास्त बसलं की पाय आखडतात.

पाणी माणशी तीन लिटर. पायथ्याच्या ओढ्यावर किंवा गडावरच्या टाक्यावर भरवसा ठेवू नकोस. एक लिटर बाटलीत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नकोस, जास्त झालं तर उलट त्रास होतो. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. जेवण एकदम नको. दशमी, गूळ-शेंगदाणे, उकडलेला बटाटा असं दर तासाला थोडं थोडं. कंदी पेढे मात्र उतरल्यावर खा, चढताना घशाला कोरड पडते.

अपघात बहुतेक उतरताना होतात. मुरमाच्या घसाऱ्यावर वाळलेला पाला पडलेला असतो, खालची खडी दिसत नाही आणि दमलेला पाय टाचेवर पडतो. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, उभ्या उतारावर तिरकं उतरायचं. निघण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी काप. नवे बूट त्या दिवशी कुणीही घालायचे नाहीत. पाय चुरचुरायला लागला की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

नागेश्वरची गुहा त्याच दिवशी करू असं कुणीतरी म्हणेलच. नवख्यांना घेऊन नको, वेळ बसत नाही. शेजारच्या डोंगरावरच्या जुन्या वासोट्याकडेही वळू नका, वाट रानाने गिळली आहे. 1818 मध्ये इंग्रजांनी तिथे तोफा चढवून नवा वासोटा, म्हणजे तुम्ही चढणार तो गड, घेतला, तेवढं वरून बोट दाखवून सांगितलंस तरी पुरे. बाबू कड्याशी कडेपासून दहा पावलं मागे, आणि फोटोसाठी पाठीमागे सरकणं बंद. कड्याला आग्या मोहोळ असू शकतं, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही नकोत. माशा उठल्याच तर हात न झाडता तोंड-मान झाकून झाडीत शिरायचं. वाटेत गवा दिसला तर लांबच थांबायचं आणि त्याला जायला मोकळी जागा सोडायची.

तंबूचं फार काही नाही. पाण्यापासून थोड्या उंचीवर, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. रात्री धुकं आणि दव असतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेव आणि ती पिशवी सकाळी तंबूतच सोड.

जंगलात फोन लागत नाही. बोटवाल्याशी परतीची वेळ तोंडी ठरव आणि तीच वेळ मला निघण्याआधी कळव.

तुझी आई