प्रोलॅक्टिनची तपासणी पुरुषांचीही व्हावी

आपल्या आरोग्य पुरवणीतील वंध्यत्वावरचा लेख वाचला. त्यात प्रोलॅक्टिनचा (दूध तयार होण्यास चालना देणाऱ्या संप्रेरकाचा) उल्लेख केवळ स्त्रियांच्या संदर्भात आला, ही मोठी उणीव वाटली. पाळी चुकली किंवा बाळंतपण नसताना स्तनातून दूध आले, की बाई डॉक्टरांकडे जाते. पुरुषांत मात्र थकवा, घटलेली कामेच्छा, वाढते वजन यांचे खापर वयावर आणि कामाच्या ताणावर फुटते. तोवर प्रोलॅक्टिन वाढवणारी, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ बरेचदा १ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते. अशी मोठी गाठ दृष्टीच्या नसांवर दाबू शकते; माझ्या धाकट्या भावाला त्यामुळे बाजूने येणारी दुचाकी दिसेनाशी झाली होती. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, उपचार वजन आणि साखरेवरच चालले. प्रोलॅक्टिन फार वाढले की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. खरे कारण साध्या रक्ततपासणीत आणि मग एमआरआयमध्ये सापडले. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते. बहुतेकांना शस्त्रक्रियेविना, आठवड्यातून दोनदा घ्यायच्या कॅबरगोलिनच्या गोळीने गुण येतो. भावालाही आला. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर पुरुषांसाठी चार ओळी जरूर द्याव्यात.

— एक वाचक, सांगली