केळीचा रोग ओळखणारे मॉडेल आणि लर्निंग रेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केळीच्या पानाच्या फोटोवरून करपा की हरण्या हे ओळखणारे प्रकल्प खान्देशातले विद्यार्थी हौसेने हाती घेतात. मॉडेल शिकले नाही की फोटो कमी पडले असे म्हणून पुन्हा रावेर-यावलच्या बागा गाठल्या जातात. त्याआधी लर्निंग रेट, म्हणजे शिकताना मॉडेल दर दुरुस्तीला किती मोठे पाऊल टाकते तो आकडा, तपासावा. बिघाड बऱ्याचदा तिथेच असतो.

करपा, हरण्या आणि निरोगी असे तीन वर्ग, तिन्हींचे फोटो सारखेच, तर नुसत्या अंदाजाने उत्तर देणाऱ्या मॉडेलचा लॉस (चूक किती हे सांगणारा आकडा) १.१० च्या आसपास असतो. रेट फारच लहान असेल तर लॉस तिथून जेमतेम हलतो. फार मोठा असेल तर तो वरखाली उसळतो, कधी थेट ‘नॅन’ (आकडाच नाही) होतो. लॉसची दरी जिथे अरुंद, तिथे मोठे पाऊल तळ ओलांडून पलीकडच्या चढावर जाते आणि दर फेरीला तळापासून आणखी लांब पडते.

तिसरा प्रकार फसवा आहे. मोठ्या धक्क्याने मॉडेलच्या आतले रेलू (ऋण आकडा शून्य करणारे घटक) कायमचे शून्यावर बसतात आणि मॉडेल प्रत्येक पानाला एकच उत्तर देते. १०० पैकी ८० पाने निरोगी असतील तर अशा मॉडेलचीही अचूकता ८० टक्के दिसते! त्यावर विसंबून फवारणी टाळणाऱ्या शेतकऱ्याची बाग जाते.

रेट शोधायला अर्धा तास पुरतो. ०.०००००१ पासून सुरुवात करून दर बॅचला (एका वेळी दाखवलेल्या फोटोंच्या गठ्ठ्याला) तो सुमारे १.१५ पट करावा. १०० बॅचमध्ये १ पर्यंत पोचतो. लॉस जिथे वर उसळू लागतो, त्याच्या दहाव्या हिश्शापासून प्रशिक्षण सुरू करावे.

दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. रेसनेट या चित्रे ओळखणाऱ्या नेटवर्कच्या २०१५ च्या शोधनिबंधात ०.१ हा रेट २५६ च्या बॅचसाठी होता. प्रयोगशाळेतल्या ग्राफिक्स कार्डात १६ चीच बॅच मावत असेल, तर त्याच प्रमाणात ०.००६ च्या आसपास येतो. हे प्रमाण एसजीडी या साध्या प्रशिक्षण पद्धतीपुरते. ॲडम या दुसऱ्या पद्धतीला ते लागू धरू नये, तिथे ०.००१ पासून चाचपणी करावी.

आधीच शिकलेले नेटवर्क घेतले असेल तर आणखी जपावे. नवा शेवटचा थर सुरुवातीला चुकतच असतो, त्यामुळे मोठे ग्रेडियंट (दुरुस्तीचे इशारे) मागच्या थरांत जाऊन जुने शिकलेले पुसतात. म्हणून बाकीचे थर गोठवून आधी तो एकटा ०.००१ ने शिकवावा. मग सगळे मोकळे करून ०.०००१ किंवा त्याहून कमी. लॉस थबकला की रेट दहावा हिस्सा करावा, पण घाई नको. लवकर कापला तर लॉस झटकन उतरतो आणि तिथेच अडकतो.

महाविद्यालयांना विनंती, की प्रकल्प अहवालात अचूकतेबरोबर लॉसचा आलेख, बॅच, रेट आणि तो कितव्या इपॉकला (सर्व फोटोंच्या फेरीला) कमी केला हेही मागावे, आणि तिन्ही वर्गांची अचूकता वेगवेगळी लिहून घ्यावी.

— संगणकशास्त्राचे काही शिक्षक, जळगाव