नाताळच्या उपासनेसाठी भाड्याचा कीबोर्ड : गायनमंडळाला सूचना

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

नाताळसाठी कीबोर्ड भाड्याने आणायचा आहे. या वेळी फोनवर नुसतं ‘एक कीबोर्ड पाठवा’ असं सांगू नका, वाजवणाऱ्याने स्वतः दुकानात जाऊन पाहावा. स्तुतिगीतांना ६१ पट्ट्यांचा पुरतो. पण प्रार्थनेच्या वेळी नुसता पियानो वाजणार असेल, तर ८८ जड (खऱ्या पियानोसारख्या दाबाच्या) पट्ट्यांचा घ्या. मऊ स्वर बोटाखाली खरा तिथेच सापडतो. हा कीबोर्ड उचलायला दोघे लागतील, आधी सांगून ठेवा.

सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायचं पेडल, त्याच कीबोर्डसोबत वाजवून पाहा. वेगळ्या कंपनीचं पेडल कधी कधी उलटं चालतं : पाय ठेवला की स्वर तुटतो, उचलला की लांबतो. बहुतेक वेळा पेडल जोडून, त्यावर पाय न ठेवता कीबोर्ड चालू केला की हे सुटतं. मागच्या ईस्टरला पहिल्या गीताच्या मध्यावर हेच घडलं आणि मंडळी गाता गाता थबकली. अजून मनाला लागतं ते.

भजनांसाठी आपली पेटी सोबत न्या. जुन्या पेटीचा सूर ४४० हर्ट्झवर, म्हणजे कीबोर्डच्या नेहमीच्या सुरावर, नेमका नसतो, म्हणून कीबोर्डमध्ये ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायची सोय) तर हवाच, सूर किंचित हलवायचं बारीक ट्यूनिंगही हवं. तबला त्यानंतरच लावायचा.

अ‍ॅडॉप्टर त्याच कीबोर्डचा, स्टँड न डुगडुगणारा आणि लांब केबलची घरघर टाळायला डीआय बॉक्स (कीबोर्ड आणि साउंड सिस्टीमच्या मध्ये जोडायची छोटी पेटी), एवढं मागून घ्या. पावतीवर आधीचे ओरखडे लिहून घ्या. वाद्य सरावाच्या आदल्या दिवशीच चर्चमध्ये पोहोचलं पाहिजे.

– गायनमंडळ प्रमुख