मोगादिशूचा जमाखर्च

नैरोबी, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. भाकरीचं पीठ मिळणारं दुकान सापडलंय, त्यामुळे आईने ती काळजी सोडावी.

बाबा, परवा फोनवर सोमालियाचा विषय निघाला आणि तुम्ही म्हणालात, "पुढाऱ्यांनी वाट लावली की दहा वर्षं लष्कराच्या हातात द्यायचं, सगळे सुतासारखे सरळ येतात." मी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही फोन आईकडे दिलात. म्हणून हे पत्र. या देशाच्या जुन्या सरकारी कर्जांचे कागद हेच सध्या माझं काम आहे आणि तुम्ही सांगता तो प्रयोग तिथे होऊन गेलाय. नऊ वर्षं निवडून आलेली सरकारं, त्यानंतर एकवीस वर्षं लष्कर. तुमची उभी हयात बँकेत गेली, तेव्हा ताळेबंदच मांडते.

सुरुवातीची शिल्लक जवळजवळ शून्य होती. २६ जून १९६० ला ब्रिटिशांकडचा उत्तर भाग स्वतंत्र झाला, १ जुलैला इटलीकडचा दक्षिण भाग, आणि त्याच दिवशी दोघांचा एक देश झाला. उत्तरेत इंग्रजी कागद, दक्षिणेत इटालियन. चलनं दोन, जकातीचे दर दोन, हिशेब ठेवायच्या पद्धती दोन. सोमाली भाषेला सर्वमान्य लिपीच नव्हती, त्यामुळे देशाच्या भाषेत सरकारी फाइल निघणं शक्य नव्हतं. (उत्तरेचा कारभार १८९८ पर्यंत एडनमार्गे हिंदुस्थान सरकार पाहायचं आणि एडन हे समोरच्या अरबी किनाऱ्यावरचं बंदर होतं मुंबई इलाख्यात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथे आपला रुपया चालायचा. हे तुमच्या कट्ट्यावर सांगायला.)

एक सोमाली शिलिंग यायला १९६२ उजाडलं. तोवर आणि त्यानंतरही रोजचा खर्च भागत नव्हता. तूट इटली आणि ब्रिटन अनुदानाने भरून काढायचे. १९६३ मध्ये केनियातल्या सोमाली मुलखावरून राजधानी मोगादिशूने ब्रिटनशी संबंध तोडले आणि तिकडचा पैसा आटला. मग रशियन आले, अमेरिकन होतेच, पश्चिम जर्मनही होते. किसमायोचं बंदर अमेरिकेने बांधून दिलं, बर्बेराचं रशियाने. दरडोई परदेशी मदत आफ्रिकेत सर्वांत जास्त मिळणाऱ्या देशांत सोमालिया होता. दक्षिणेतल्या शबेले आणि जुबा नद्यांकाठी इटालियन मळेवाल्यांची केळी, ती इटली चढ्या भावाने घ्यायची. १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला आणि केळ्यांच्या बोटींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा पडू लागला. नाशवंत माल, आपल्या जळगाववाल्यांना विचारा काय होतं ते.

तर मुलकी सरकारांनी उभं काय केलं? खरं सांगायचं तर फार थोडं. सरकारी नोकऱ्या वाढल्या, मोगादिशू वाढलं, आणि आमदारांना सांभाळण्यात पैसा जिरला. १९६९ च्या निवडणुकीत १२३ जागांसाठी साठाहून जास्त पक्ष आणि हजारावर उमेदवार उभे होते. निकाल लागल्यावर विरोधातले जवळजवळ सगळे सत्ताधारी पक्षात जाऊन बसले. हसू नका, आपल्यालाही हे नवीन नाही. इथवर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण जमेच्या बाजूला एक नोंद आहे, जी पैशात मांडता येत नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ला उस्मान १९६७ मध्ये मतदानात हरले आणि मुकाट्याने खुर्ची सोडून घरी गेले. स्वतंत्र आफ्रिकेत हे पहिल्यांदाच घडलं. त्यांचे पंतप्रधान अब्दिरिझाक हाजी हुसेन यांनी नोकरशाही छाटून खर्चाला लगाम घालायचा प्रयत्न केला होता. म्हणजे घर गळत होतं, पण कुठे गळतंय हे सभागृहात ओरडून सांगणारी माणसं होती आणि ओरडल्यावर ती तुरुंगात जात नव्हती.

१५ ऑक्टोबर १९६९ ला राष्ट्राध्यक्ष शेर्मार्के यांना लास अनोद गावात एका पोलिसाने गोळी घातली. २१ तारखेला लष्कराने सत्ता घेतली आणि मेजर जनरल सियाद बारे प्रमुख झाले. लोकांनी स्वागतच केलं. त्याच वर्षी जुलैत इंदिराबाईंनी आपल्याकडे १४ बँका सरकारी केल्या होत्या. सोमालियात मे १९७० मध्ये परदेशी बँका, तेल कंपन्या, वीज, साखर कारखाना असं सगळं एका फटक्यात सरकारी झालं. तुमच्या बँकेला निदान संसद होती, प्रश्नोत्तरं होती, संप करणारी युनियन होती. इथे सगळ्याला एकच उत्तर: लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद.

आता आई, हा भाग तुझ्यासाठी. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने सोमालीसाठी रोमन लिपी ठरवून टाकली. मुलकी सरकारांनी बारा भानगडी करून जे लांबणीवर टाकलं होतं, ते लष्कराने एका हुकमात केलं. १९७४ मध्ये वरच्या वर्गांच्या शाळा वर्षभर बंद ठेवून सुमारे २५,००० विद्यार्थी आणि शिक्षक रानात, उंटवाल्यांच्या वस्त्यांवर पाठवले. प्रत्येकाकडे पांघरूण, खडू आणि घडीचा फळा. दिवसा जनावरांमागे फिरायचं आणि वेळ मिळेल तेव्हा बाभळीच्या सावलीत वर्ग भरवायचा. आमच्या ऑफिसातले वयस्कर हिशेबनीस त्या पोरांतले एक. ज्या घरात ते राहिले तिथल्या म्हातारीने दुधाच्या बदल्यात स्वतःचं नाव लिहायला शिकून घेतलं, असं ते सांगतात. तू पहिल्या नेमणुकीत वाडीवर पायी जायचीस तेच डोळ्यांसमोर आलं.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. १९७४-७५ चा तो 'दबादीर' दुष्काळ. तू बहात्तरच्या दुष्काळाचं सांगतेस, सुकडीच्या रांगा, खडी फोडणारी माणसं, तसाच. फक्त इथे शेतं नव्हती, जनावरं होती आणि ती मेली की माणसाकडे काहीच उरत नव्हतं. शिकवायला गेलेली पोरं छावण्यांत मदतीला लागली. रशियन विमानांतून आणि ट्रकांतून लाखभर माणसं उत्तरेतून दक्षिणेला नेली, कुर्तुनवारे, सबलाले, दुजुमा इथे शेतीवर बसवली, काहींना किनाऱ्यावर मासेमारी शिकवली. दुष्काळ लष्कराने चांगला हाताळला, यात वाद नाही. पुढे त्यातले बरेच पुरुष बायकामुलांना वसाहतीत ठेवून पुन्हा जनावरांकडे किंवा आखातात निघून गेले, ती गोष्ट वेगळी.

म्हणून बाबा, १९७५ ला वही मिटली असती तर पैज तुम्ही जिंकला असता. कारखान्यांचं तेवढं विचारू नका. किसमायोचा मांसाचा, लास कोरेचा मासळीचा, मोगादिशूचा दुधाचा, सगळे क्षमतेच्या कितीतरी खाली चालायचे. दूधवाला उंट घेऊन पाच मैलांवर, डबाबंद करायचं यंत्र शहरात. पण तेवढा तोटा कुठल्याही देशाने पचवला असता.

पचला नाही तो एक निर्णय. १९७७ मध्ये इथिओपियातला सोमाली मुलूख, ओगादेन, जिंकायला फौज घुसली. स्वातंत्र्याच्या वेळी पाचेक हजारांची असलेली ही फौज तोवर रशियन हत्यारांवर कितीतरी पट फुगली होती. ऐन लढाईत रशिया इथिओपियाच्या बाजूला गेला, बारेंनी नोव्हेंबरमध्ये रशियन सल्लागारांना हाकललं, आणि मार्च १९७८ पर्यंत पराभव होऊन सैन्य परत आलं. मागोमाग निर्वासितांचे लोंढे. किती? सरकार म्हणायचं पंधरा लाख, मदत करणाऱ्या संस्थांना ते पटेना, शेवटी तडजोड म्हणून ७ लाख हा आकडा धरून धान्य पाठवायचं ठरलं. या एका नोंदीवर मी बराच वेळ थांबले. एका देशाची पोटं घासाघीस करून ठरली होती आणि जास्तीचं धान्य कुठे जात होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

युद्ध मुलकी सरकारनेही केलं होतं, १९६४ मध्ये, याच सीमेवर. आठवड्यांत आवरलं. तेव्हाच्या पंतप्रधानांना उद्या सभागृहाला आणि परवा मतदाराला तोंड द्यायचं होतं. बारेंना कोण विचारणार होतं?

पुढची खतावणी तुम्हाला बँकेतली वाटेल. १९८० मध्ये अमेरिकेला बर्बेराचा तळ वापरू दिला, त्याबदल्यात पैसा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १९८० पासून करार, शिलिंगचं अवमूल्यन. डॉलरला सहा-सव्वासहा असलेला शिलिंग १९८७ मध्ये शंभरावर बांधावा लागला आणि तिथेही टिकला नाही. १९८३ मध्ये गुरांच्या रोगाचं कारण देऊन सौदीने सोमाली गाई-बैल घेणं बंद केलं, आणि निर्यात तर बहुतांश जनावरांचीच. इटलीने त्या दशकात अब्जभर डॉलरच्या घरात मदत ओतली. गारोवे ते बोसासो रस्ता त्यातलाच. सरकारी नोकराचा महिन्याचा पगार आठवडाभरही पुरेना, तेव्हा तो दुपारनंतर टॅक्सी चालवायचा किंवा लाच घ्यायचा. बहुतेक दोन्ही.

मग लोक जगले कसे? हे मला सगळ्यात रंजक वाटतं. जेद्दाहला हमाली करणारा माणूस रियाल बँकेत भरतच नसे. तो ते तिथल्याच सोमाली व्यापाऱ्याला द्यायचा. व्यापारी त्यातून कापड, तांदूळ, टेपरेकॉर्डर घेऊन बोटीने मोगादिशूला आणायचा, विकायचा, आणि त्या माणसाच्या बायकोला बाजारभावाने शिलिंग मोजून द्यायचा. डॉलर देशात कधी आलेच नाहीत, आला तो माल. सरकारने काही वर्षं याला रीतसर परवानगी दिली, मग बंद केली, मग पुन्हा डोळेझाक केली. आपल्याकडे रत्नागिरीतल्या आखाती घरांनी पैसा कसा आणला हे तुम्ही काउंटरवरून पाहिलंय, तुम्हाला लगेच कळेल. ना शेळ्या राष्ट्रीय उत्पन्नात नीट मोजल्या गेल्या, ना हा पैसा. त्यामुळे दोन राजवटींच्या वाढीच्या दरांची टक्केवारी कुणी समोर ठेवली की मी आधी विचारते, यात शेळ्या किती?

मे १९८८ मध्ये उत्तरेत बंड पेटलं. सरकारने स्वतःच्याच हरगेसा शहरावर बॉम्ब टाकले, आणि विमानं उडायची त्याच शहराच्या विमानतळावरून. ज्या बर्बेरातून जनावरं जायची तो व्यापार बसला. जानेवारी १९९१ मध्ये बारे मोगादिशू सोडून पळाले.

पळून गेलेल्याची कर्जं मात्र पळत नाहीत. व्याजावर व्याज चढत राहिलं, वसुली कुणाकडून करणार, देशात सरकारच नव्हतं. तुमच्या भाषेत बुडीत खातं. ते डिसेंबर २०२३ मध्ये मिटलं, साडेचार अब्ज डॉलरची माफी मिळून. सत्तरच्या दशकात जन्मलेलं सोमाली मूल तोवर आजोबा झालं होतं.

माझं मत विचाराल तर खाणारे दोन्हीकडे होते आणि दोन्ही सरकारांचा संसार दुसऱ्याच्या पैशावर चालला. पहिल्यांनी पैसा थेंबाथेंबाने गळू दिला, दुसऱ्यांनी आधी चांगला वापरला आणि मग एका डावात सगळा लावला. लिपी मात्र टिकली. ती मी लष्कराच्या नावावरच लिहीन, आणि आईही तेच म्हणेल.

बाबा, तुमचं मत वेगळं असेल तर ते असंच कागदावर लिहून पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं फॉरवर्ड चालणार नाही. एफडीच्या व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा तो फॉर्म भरला का? आई, गुडघ्याचा एक्स-रे काढून घे, बाबा विसरतील.

तुमची,
सोनू